बोटाचा बन

१ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. हे पत्र बाळाच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलं आहे, म्हणजे तुम्ही आधी हे वाचाल आणि मग दुपटी काढाल.

माझ्या मुलाची आणि तुमच्या लेकीची एकदमच तुमच्या गावी बदली झाली आणि जागाही मिळाली ती तुमच्या शेजारच्या इमारतीत. सगळंच कसं तुमच्या बाजूने जुळून आलं. मी तक्रार करत नाही. दीड वर्ष नातू दिवसभर माझ्याकडे होता, आता तुमच्याकडे राहील. सूनबाई म्हणाली, महिनाभरात तो तुमच्याजवळ रुळला नाही तर पाळणाघर बघणार. तशी वेळ यायची नाही. आलीच तर आधी मला कळवा.

आता त्याच्याबद्दल. त्याला गोल वस्तू लागतात. चेंडू तर आहेच, पण डब्यांची झाकणं, कांदे, बटाटे, दाराची मूठ, शर्टाची बटणं (ही तोंडात जातात, डोळ्यात तेल घालून बघा) आणि टकलू माणसं. आमचा पोस्टमन टकलू आहे, तो बिचारा हल्ली टोपी घालून येतो. चौकोनी वस्तू शेठच्या खिजगणतीतही नाहीत. तुम्ही वाढदिवसाला पाठवलेला लाकडी ठोकळ्यांचा डबा फार उपयोगी पडला. तो रोज खेळायचा. झाकणाशी.

हो, त्याला आम्ही शेठ म्हणतो. शेठ म्हटलं की वळून बघतो, दुसऱ्या कुठल्याही नावाला दाद देत नाही. हे नाव का पडलं ते विचारू नका, पडलं कसंतरी. बोलत अजून काहीच नाही.

आणि आमच्या बेकरीवरून तुम्ही लेकीबरोबर मागे निरोप पाठवला होता, ‘बेकरीच्या धगीत मूल नको’ म्हणून. तो मला मिळाला होता. तुमचा शब्द आम्ही मोडला नाही.

दुपारी झोपवताना अंगाई म्हणू नका. तुमचा आवाज वाईट आहे असं नाही, त्याला सवय नाही.

तुमची विहीण


९ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र पोचलं, पिशव्या पोचल्या, शेठही पोचले. फोन केला असता, पण लेक शेजारीच असते आणि तिच्यासमोर मी ‘सगळं छान चाललंय’ असं म्हणते. तुम्हाला खरं लिहिते.

तो माझ्याकडे येत नाही.

पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, एखादा इन्स्पेक्टर वर्गावर नजर फिरवतो तसं, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मी दारात उभी राहिले की पन्नास मुली चिडीचूप होत. आता हा एवढासा जीव मला पाठ दाखवतो आणि मी त्याच्या पाठीशी लाडेलाडे बोलते. कडेवर घेतला की लाकडासारखा ताठ होतो. ओरडत नाही, रडत नाही. पाहुण्याकडे नाइलाजाने बसावं तसा बसतो. याच्यापेक्षा रडला असता तर बरं.

गोल वस्तूंचं मात्र तुम्ही म्हणालात तसंच आहे. माझा पृथ्वीगोल तुम्हाला आठवत असेल, शाळा सोडताना मुलींनी दिला तो. कपाटावर होता. शेठनी तो बोटाने दाखवला, मी खाली काढून दिला, आणि तेव्हापासून ते दोघं एकत्र असतात. जेवताना पृथ्वी शेजारी. झोपताना पृथ्वी कुशीत. मी बाजूला.

मी विचार करत बसते की शेठना गोलच का आवडतं. आमच्या शाळेत एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, त्या फळ्यावर एका हाताच्या फटक्यात गोल काढत आणि म्हणत, मुलींनो, याला पुढची बाजू नाही, मागची नाही, हा कसाही धरला तरी बरोबरच. मला वाटतं तेच असेल. चमचा उलटा धरला की आपण ओरडतो, बूट उलटा घातला की ओरडतो. चेंडू कसाही धरला तरी कुणी काही म्हणत नाही. एवढ्याशा माणसाला दिवसभरात न चुकण्याची ती एकच जागा.

सिस्टरांकडून मीही तो गोल काढायला शिकले होते. म्हणून काल फरशीवर खडूने मोठा गोल काढला. माझा हात अजून चांगला आहे. शेठ आले, गोलाच्या मधोमध पृथ्वी घेऊन बसले. मला वाटलं जिंकले. मी पाय आत टाकला तर उठून निघून गेले.

आणि एक काळजीची गोष्ट. तो टोचतो. टोमॅटो, संत्री, उशी, साबण, सगळ्याला बोट दाबतो आणि बघत राहतो. आज पृथ्वीलाही टोचलं. पुठ्ठ्याचीच ती, जुनी झालेली. महासागराच्या मध्यावर भोक पडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच्या डोळ्यांत माझ्याहून जास्त होतं, म्हणून पृथ्वी परत त्याच्याच हातात दिली. हे टोचणं तुमच्याकडे होतं का?

तुमची


१३ फेब्रुवारी

विहीणबाई,

टोचण्याचं मला काही ठाऊक नाही. नवीन घर, नवीन माणसं, लागली असेल सवय. आणि पुठ्ठ्याची पृथ्वी दीड वर्षाच्या मुलाच्या हातात कोण देतं हो.

तुमच्या सिस्टरांचं म्हणणं ऐकायला गोड आहे, पण माझं मत वेगळं. मी दोन मुलं आणि एक नातू वाढवलाय. गोल वस्तूला कोपरा नसतो, म्हणून ती लागत नाही, बस एवढंच. टेबलाचा कोपरा कपाळाला लागतो, दाराचा बोटाला, खाटेचा गुडघ्याला. घरातल्या सगळ्या चौकोनी वस्तू या मुलांच्या वैरी आहेत. चेंडूने आजवर कुणाला टेंगूळ आणलंय?

आमच्या यांना विचारलं, तर त्यांनी खांदे उडवले. ते तसेही बोलत नाहीत. लग्नात माझ्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा मुका तर नाही ना.

धीर धरा. जबरदस्ती करू नका. पाय आत टाकायला कुणी सांगितलं होतं?

गावातला एक ओळखीचा तुमच्या बाजूला निघाला आहे, त्याच्याबरोबर बन पाठवते. ताजे आहेत. घराची चव लागली की सुधारेल. आणि अगदीच जमत नसेल तर मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांनाच लहान मुलं जमतात असं नाही. शेठला इकडे पाठवून द्या. गाडीने चार तासांचा तर रस्ता.

तुमची विहीण


१८ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

बन मिळाले. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पिशवी उघडली तसा वास आला आणि शेठ पृथ्वी सोडून धावत आले. इथे आल्यापासून पहिल्यांदाच धावले. मला इतका आनंद झाला की मी सगळे बन जमिनीवर कागदावर मांडले. त्याने एक उचलला. वरून बघितला, उलटा केला, पुन्हा वरून बघितला. खाली ठेवला. दुसरा उचलला. असे सगळे बघितले, एकेक. काहीतरी शोधत होता. मग त्यातल्या एकावर हात ठेवून रडायला लागला. हट्टाचं रडणं नव्हतं ते, आवाजसुद्धा फारसा नव्हता. मी जवळ घ्यायला गेले तर ताठ झाला.

एकही बन खाल्ला नाही. मी खाल्ले. छान होते.

लेकीने हे दारातून पाहिलं. रात्री म्हणाली, “आई, तू खूप करतेस गं, पण त्याला नाही जमत आहे.” काल ती पाळणाघर बघून आली. स्वच्छ आहे म्हणाली. तिथे चेंडूंचा हौद आहे म्हणे, कमरेइतका. हौद ऐकून मी गारच झाले. शेठ त्यात उतरले की मला विसरायची गरजच उरणार नाही, लक्षात ठेवायला आधी मी आहेच कुठे.

टोचण्यासाठी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर गृहस्थ भरल्या अंगाचे. ते वाकून तपासत होते तेवढ्यात शेठनी त्यांच्या पोटात बोट दाबलं आणि बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, मुलाला काही झालेलं नाही, फी राहू द्या, पण पुन्हा आणू नका.

विहीणबाई, तुम्ही माझ्यापेक्षा त्याला जास्त ओळखता हे मी कबूल करते. शिकवत असताना मी वर्गात कधी म्हटलं नाही की मला येत नाही, आज म्हणते. तुमच्याकडे तो दिवसभर काय करायचा? मला खरं सांगा. मी काही विचारणार नाही की हे का केलं आणि ते का केलं.

पुढच्या आठवड्यात लेक पाळणाघरात नाव घालते आहे.

तुमची


२१ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र दुकानात वाचलं. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “काकू, रडताय का?” मी म्हटलं, मैदा गेला डोळ्यात. आता खरं लिहिते. पत्र लेकीच्या हाती देऊ नका.

शेठ बेकरीतच वाढला.

भट्टीजवळ नाही, शपथेवर सांगते. गोळे वळायचं टेबल दारापाशी आहे, तिथे वारा असतो. टेबलाला लागून मैद्याची पोती रचलेली असतात. सकाळी सूनबाई कामावर गेली की त्याला वरच्या पोत्यावर बसवायची, पाठीशी दुसरं पोतं लावायची. तिथून सगळी बेकरी दिसते. हात मांडीवर ठेवून असा बसायचा की येणारा माणूस आधी त्यालाच नमस्कार करायचा. म्हणून शेठ.

आणि त्याच्यासमोर काय असायचं, तर ट्रे. एका ट्रेमध्ये सहा ओळी गोळे, सगळे एकसारखे गोल, पांढरे, हळूहळू फुगणारे. दुसऱ्या मुलाला एक चेंडू मिळतो, याला रोज दोनशे. तुम्ही सिस्टरांचं सांगता, मी कोपऱ्यांचं सांगते, पण खरं विचाराल तर त्याने जगात डोळे उघडून पाहिलं तेच गोल होतं.

आता टोचणं. गोळा भट्टीत घालायच्या आधी बोटाने जरा दाबून बघतात. खड्डा लगेच वर आला तर अजून वेळ आहे, थांबायचं. खड्डा वर आलाच नाही तर गोळा गेला कामातून. आणि खड्डा सावकाश, जरा विचार करत वर आला, म्हणजे तयार. आमचे हे दिवसभर हेच करतात. दाबतात, वाट बघतात, आणि तयार असेल तर ‘हं’ म्हणून ट्रे उचलतात. दिवसभरात त्यांच्या तोंडून तेवढाच काय तो शब्द. शेठ रोज हे बघायचा. मग एक दिवस त्यानेही बोट दाबलं. मग प्रत्येक गोळ्याला दाबायला लागला. एवढंसं बोट, पण जोर सगळा. बनाच्या मधोमध खळी राहायची. मला वाटलं, गिऱ्हाइकं ओरडणार. उलट लोक मागायला लागले, “काकू, बोटाचा बन द्या.” शाळेची मुलं तर दुसरा घेईनात.

तुम्हाला पाठवलेले बन साधे होते. खळी बघून तुम्हाला संशय येईल म्हणून त्यांना बोट घातलं नव्हतं. तो तेच शोधत होता.

हे आधी का लिहिलं नाही? एक तर तुमचा निरोप. तुम्ही शाळेतल्या बाई, मी म्हटलं, आता मला बाकावर उभं करणार. आणि दुसरं असं की, तो तुमच्याजवळ रुळू नये असं मला वाटत होतं. पाळणाघरात जावा असं नाही हो वाटलं, देवाशपथ. मला वाटलं, तुम्ही कंटाळून परत पाठवाल. पोतं तसंच ठेवलंय मी. त्याच्यावर कुणाला बसू देत नाही, मांजराला हाकलते.

मैदा, यीस्ट, जरासं मीठ, जराशी साखर, कोमट पाणी. कानाच्या पाळीइतका मऊ मळा. ओल्या फडक्याखाली ठेवा, दुपटीने फुगला की गोळे वळा आणि पुन्हा फुगू द्या. मग शेठच्या पुढ्यात ठेवा आणि बाजूला व्हा. पाय आत टाकू नका.

तुमची विहीण


२५ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

बाकावर उभं करणार नाही. मग दोघींनाही उभं राहावं लागेल, आणि माझे गुडघे दुखतात.

पत्र आलं त्याच दिवशी मैदा आणला. तुम्ही ‘मळा’ असं लिहिलं आहे, पण मळताना पीठ कोपरापर्यंत चढतं हे लिहिलं नाही. माझा चष्मा, केस, नळ, दाराची कडी, सगळीकडे मैदा. गोळे झाले, पण गोल एकही नाही. एका हाताने फळ्यावर पृथ्वी काढणारी मी, माझ्या ताटात खंडांचे आकार जमले होते. तरी फडकं घालून ठेवले. ते फुगले नाहीत. यीस्टला कोमट पाणी हवं होतं, मी कडक घातलं, असं आता लेक सांगते.

शेठ मात्र मी पहिली मूठ मळायला घेतली तेव्हाच येऊन बसले होते. माझ्याकडे पाठ नव्हती. मी ताट पुढ्यात ठेवलं आणि बाजूला झाले, शपथेवर सांगते, पाय आत टाकला नाही.

त्याने पहिला गोळा दाबला. वाट बघितली. खड्डा तसाच राहिला. दुसरा दाबला. तसाच. सगळे दाबून झाले. मग मान वर करून माझ्याकडे जे पाहिलं ते मला लिहिता येत नाही. मी तीस वर्षं नापास मुलींच्या वह्या परत केल्या, तेव्हा मी त्यांच्याकडे असंच बघत असणार.

मला हसू आलं, मग रडू आलं, काय ते कळेना. मी तिथेच फरशीवर बसले. चष्मा पिठाने आंधळा झालेला, तो काढून ठेवला. तोंडालाही मैदा लागलेला होता, तो पुसायचं सुचलं नाही. म्हटलं, झालं, उद्या पाळणाघर.

तो जवळ आला. माझ्या गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला आणि अगदी जवळून माझ्या तोंडाकडे बघितलं. पांढरं, गोल, पीठ लागलेलं. मी श्वाससुद्धा घेतला नाही. त्याने बोट वर केलं आणि माझ्या गालावर दाबलं. चांगलं खोल.

माझी त्या बाजूची दाढ मागेच काढली आहे, आणि या वयात गालात कुठला आलाय जोर. बोट काढल्यावर खड्डा जरा राहिला. तो वाट बघत होता. खड्डा सावकाश वर आला. मला जाणवत होतं. इतक्या सावकाश माझी कुठलीच गोष्ट आजवर कुणी बघत बसलं नव्हतं.

मग तो म्हणाला, “हं.”

विहीणबाई, त्याने हे स्पष्ट म्हटलं. लेक दारात होती, तिनेही ऐकलं. तिला वाटलं, सहज आवाज केला. मला तुमचं पत्र पाठ होतं. ‘हं’ म्हणून त्याने दोन्ही हात पुढे केले, तुमचे यजमान ट्रे उचलायला करत असतील तसे, आणि माझ्या गळ्यात घातले. उचलायचं मात्र मलाच होतं. ताठ झाला नाही. अंगावर ओघळला.

तेव्हापासून खाली उतरलेला नाही म्हटलं तरी चालेल. हे पत्र डाव्या कडेवर शेठ घेऊन लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. पाळणाघराला लेकीने फोन करून नको सांगितलं. पृथ्वीचं भोक मी बुजवणार होते, पण तो रोज तिथे बोट घालून बघतो, वर आलं का. येईल म्हणते मी त्याला.

मला आता वाटतं, आपण दोघीही थोड्या चुकलो. पुढची-मागची बाजू नाही हे खरं, कोपरा नाही हेही खरं. पण चेंडू दूर जातो तेव्हा तो आधी चेंडूकडे नाही, माझ्याकडे बघतो. मी परत ढकलला की हसतो. त्याला बहुतेक एवढंच बघायचं असतं की गेलेलं परत येतं का.

म्हणून आता माझी एक विनंती. पोतं रिकामं ठेवू नका. मी गुडघ्यांमुळे येऊ शकत नाही आणि मला गोळे येत नाहीत. शेठना खळीचे बन लागतात. ते शिकवायला कुणीतरी यायला हवं. भट्टी नाही, पण माझ्याकडे ओव्हन आहे, आजवर त्यात वर्तमानपत्रं ठेवायचे. धगीचा निरोप मी परत घेते.

तुमची


१ मार्च

विहीणबाई,

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. हे ट्रे हातात धरून उभे होते, तसेच उभे राहिले. एक ट्रे करपला. लग्नानंतर पहिला.

नंतर आम्ही सगळ्यांनी गाल दाबून बघितले. दुकानातल्या पोराचा लगेच वर आला. पोस्टमनने टोपी काढून ठेवली आणि म्हणाला, “काकू, माझाही बघा,” त्याचाही लगेच आला. यांचा मी दाबला. तोही पटकन वर आला. मी म्हटलं, तुम्हाला अजून वेळ आहे, तुम्ही दुकान सांभाळा.

गेला महिनाभर गिऱ्हाइकांसाठी बोट मीच घालत होते. पण लोकांना कळतं. माझं बोट मोठं आहे. कालच एक आजोबा बन हातात घेऊन म्हणाले, “काकू, शेठ नाहीत वाटतं?”

मग आरशासमोर उभी राहून माझाही गाल दाबला. सावकाश आला हो. जरा विचार करत.

शनिवारच्या सकाळच्या गाडीने निघते. यीस्ट माझं मी आणते. तुम्ही पाण्याला हात लावू नका.

तुमची विहीण